अधिक महिना आणि आपला वर्षावास
(वर्धापनदिन व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



समितीने आम्हाला विषय दिला तो अधिक महिन्याचा. विषय ऐकून काहींनी कपाळाला आठ्या घातल्या. "पंचांगाचं आपल्याला काय करायचंय?" असं एका ज्येष्ठ उपासकांनी विचारलंसुद्धा. त्यांचा प्रश्न रास्त आहे. पण २०२३ साली याच विहाराच्या ओट्यावर काय झालं ते आठवून बघा. ३ जुलैला आषाढ पौर्णिमा झाली, वर्षावास सुरू झाला, 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचं वाचन सुरू झालं. दोन आठवडे होतात न होतात तोच कॅलेंडरवर अधिक श्रावण लागला. आश्विन पौर्णिमा गेली थेट २८ ऑक्टोबरला. बोटावर मोजलं तर वर्षावास भरला ११७ दिवसांचा. एरवी तो ८८-८९ दिवसांचा असतो. पुढच्याच वर्षी, २०२४ ला, २१ जुलै ते १७ ऑक्टोबर असा ८८ दिवसांचा होता. मग वाद सुरू झाला. वर्षावास तीन महिन्यांचा की चार? मधली अधिक पौर्णिमा उपोसथाला धरायची की सोडायची? कोणी म्हणे तो मलमास आहे, त्यात शुभ काही करू नये. मलमास हा शब्द विहाराच्या ओट्यावर ऐकून आम्हाला बरे वाटले नाही. पण नुसते बरे न वाटून भागत नाही. हिशेब मांडून दाखवावा लागतो. आम्ही गिरणीत रात्रपाळी करून जे काही वाचले, वहीत उतरवले, त्यातून तो हिशेब आज आपल्यापुढे मांडतो.

चंद्र एका अमावास्येपासून दुसऱ्या अमावास्येपर्यंत यायला सरासरी २९ दिवस १२ तास ४४ मिनिटे घेतो. हा झाला आपला महिना. असे बारा महिने केले तर ३५४ दिवस आणि वर पावणेनऊ तास होतात. आता ऋतूंचे वर्ष, म्हणजे एका उन्हाळ्यापासून दुसऱ्या उन्हाळ्यापर्यंतचे, ते ३५५ दिवसांचे नाही, ३६० चेही नाही. ते ३६५ दिवस आणि पावणेसहा तासांच्या जरा वर आहे. म्हणजे चंद्राचे बारा महिने दरवर्षी जवळजवळ अकरा दिवसांनी कमी पडतात.

यंत्रमागावर काम करणाऱ्या आपल्या बांधवांना हे समजावून सांगायला वेळ लागणार नाही. मालकाकडून उचल घेतलेली असते. दर आठवड्याला पगारातून थोडी थोडी कापायची असते, पण सणवार येतो, आजारपण येतं, कापायची राहते आणि वहीत बाकी वाढत जाते. चंद्राचं तसंच आहे. पहिल्या वर्षी अकरा दिवसांची बाकी. दुसऱ्या वर्षी बावीस. तिसरं वर्ष पुरं होता होता साडेबत्तीस दिवस, म्हणजे एका महिन्याहून जास्तच. तेव्हा तिसरं वर्ष पुरं व्हायच्या आधीच, साधारण बत्तीस-तेहतीस महिन्यांनी, एक आख्खा महिना वहीत जमा करून बाकी फेडून टाकतात. तोच अधिक महिना. आकाशात त्या महिन्यात वेगळं काही घडत नाही. चंद्र तसाच वाढतो, तसाच घटतो.

ही बाकी डोळ्यांनी बघायची असेल तर अशोक विजयादशमीच्या तारखा घ्या, म्हणजे दुसरीकडे जायला नको. २०२० ला विजयादशमी २५ ऑक्टोबरला होती. २०२१ ला १५ ऑक्टोबर. २०२२ ला ५ ऑक्टोबर. दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे, मागे. असंच चाललं असतं तर २०२३ ला ती सप्टेंबरच्या चोविसाच्या सुमारास आली असती, आणि आणखी काही वर्षांनी नागपूरला जाणाऱ्या गाड्या आपण भर पावसात पकडल्या असत्या. पण २०२३ ला अधिक श्रावण पडला आणि विजयादशमी उडी मारून २४ ऑक्टोबरला गेली. पुन्हा २०२४ ला १२ ऑक्टोबर, २०२५ ला २ ऑक्टोबर, अशी उतरण सुरू. १९५६ साली ती १४ ऑक्टोबरला होती, ही तारीख तर आपल्या काळजावर कोरलेली आहे. १४ ऑक्टोबर ही सूर्याची तारीख, ती हलत नाही. विजयादशमी ही चंद्राची तिथी, ती हलते. पण पट्टा सोडून जात नाही, तो अधिक महिन्यामुळे.

अधिक महिना न धरणारे लोकही आहेत, आणि ते आपल्या शेजारी राहतात. आपल्या मुसलमान बांधवांचे वर्ष निव्वळ चंद्राचे. त्यात वाढीव महिना घालायला त्यांच्या धर्मात मनाई आहे. म्हणून त्यांचा रमजान सगळ्या ऋतूंतून फिरतो आणि साधारण ३३ वर्षांत पूर्ण चक्कर मारून जागेवर येतो. २०१८ चा रमजान मे-जूनमध्ये होता. सोलापूरचा मे महिना, वर पत्रा, खाली मागाची खडखड, आणि रोजा! आमच्याबरोबर पाळीला असलेल्या मित्रांनी तो पाळलेला आम्ही पाहिला आहे. २०२५ ला तोच रमजान मार्चमध्ये आला. ही पद्धत चूक आणि ती बरोबर, असे म्हणायचे कारण नाही. त्यांनी चंद्राशी इमान ठेवले. आपल्याकडच्या लोकांनी चंद्र आणि सूर्य दोघांशीही जमवून घ्यायचे ठरवले, कारण इथे शेती पावसावर आणि पाऊस सूर्यावर.

आता खरी गंमत. बारा महिन्यांपैकी अधिक कोणता धरायचा हे कोण ठरवते? पुष्कळ लोकांना वाटते की कोणी शास्त्रीबुवा बसून ठरवतात. तसे नाही. त्याला एक सोपा नियम आहे. सूर्याच्या वर्षभराच्या वाटेचे बारा समान भाग केलेले आहेत, त्यांना राशी म्हणतात. रास म्हटले की लोकांना भविष्य आठवते. ते सोडून द्या. सोलापूर-पुणे एस.टी.ला वाटेत मोहोळ, टेंभुर्णी, इंदापूर असे थांबे आहेत, तसे हे सूर्याच्या वाटेवरचे बारा थांबे. सूर्य एका थांब्यावर पोचला की त्याला संक्रांत म्हणायचे. संक्रांती वर्षातून बारा असतात, आपल्याला फक्त तिळगुळाची माहीत. एका अमावास्येपासून पुढच्या अमावास्येपर्यंतच्या महिन्यात एक संक्रांत यायला पाहिजे. ज्या महिन्यात एकही येत नाही तो अधिक. त्याला पुढच्या महिन्याचे नाव देतात. आधी 'अधिक', मग 'निज'.

२०२३ घेऊन बघू. १६-१७ जुलैच्या रात्री सूर्य कर्केच्या थांब्यावर आला. १७ जुलैला अमावास्या होती. म्हणजे संक्रांत अमावास्येच्या तोंडावरच होऊन गेली. पुढची, सिंहेची संक्रांत १७ ऑगस्टला. आणि त्याच्या आदल्याच दिवशी, १६ ऑगस्टला, पुढची अमावास्या संपली! मधला सगळा महिना, १८ जुलै ते १६ ऑगस्ट, दोन थांब्यांच्या मध्येच सापडला. म्हणून तो अधिक श्रावण. एक दिवस इकडेतिकडे झाला असता तर हिशेब बदलला असता.

आणि हा हिशेब कुठे होतो? लांब कुठे नाही. महाराष्ट्रातल्या घराघरात जे दाते पंचांग असते ते आपल्या सोलापुरातूनच निघते, शंभराहून अधिक वर्षे झाली. त्यातल्या मुहूर्ताच्या भागाशी आपल्याला कर्तव्य नाही. पण तिथी, पौर्णिमा, अमावास्या काढण्याचे जे गणित आहे ते गणितच आहे आणि ते कष्टाचे काम आहे. गणिताला नावे ठेवण्यात अर्थ नाही.

सोलापूरचा आणखी एक दाखला घ्या. सिद्धेश्वराची यात्रा, आपण जिला गड्डा म्हणतो. सगळ्या सणांच्या तारखा मागेपुढे होतात, पण गड्डा दरवर्षी जानेवारीच्या १३-१४-१५ लाच कसा? नंदीध्वजाची मिरवणूक, अक्षता सोहळा, सगळे तेव्हाच. कारण ती यात्रा मकर संक्रांतीला बांधलेली आहे, चंद्राला नाही. लहानपणी गड्ड्यावरच्या पाळण्यात बसताना हे कोणाच्या डोक्यात येते? पण ज्याला गड्डा आणि दसरा यांतला फरक समजला त्याला सूर्य-चंद्राचे सगळे पंचांग समजले म्हणायला हरकत नाही.

अधिक महिना बहुतेक वेळा उन्हाळ्या-पावसाळ्यातच का येतो, असाही प्रश्न एका तरुणाने विचारला होता. १९९९ ज्येष्ठ, २००१ आश्विन, २००४ श्रावण, २००७ ज्येष्ठ, २०१० वैशाख, २०१२ भाद्रपद, २०१५ आषाढ, २०१८ ज्येष्ठ, २०२० आश्विन, २०२३ श्रावण. यात मार्गशीर्ष नाही, पौष नाही. त्याचे कारण पृथ्वीच्या फिरण्यात आहे. जुलैच्या सुरुवातीला पृथ्वी सूर्यापासून सर्वांत लांब असते आणि सावकाश चालते, म्हणून सूर्याला एक थांबा ओलांडायला साडेएकतीस दिवस लागतात. जानेवारीत ती जवळ असते, भरभर चालते, तेव्हा तोच पल्ला साडेएकोणतीस दिवसांच्याही आत संपतो. थांब्यांमधले अंतर जिथे मोठे तिथे महिना मधल्या मध्ये सापडायची शक्यता जास्त. उलट हिवाळ्यात कधी कधी एकाच महिन्यात दोन थांबे येतात. तेव्हा एक महिना गळतो, त्याला क्षयमास म्हणतात. हे फार क्वचित होते. १९६३-६४ ला झाले होते आणि नंतर १९८२-८३ ला. त्या साली आश्विन अधिक, फाल्गुनही अधिक आणि मध्ये एक महिना गायब. मुंबईच्या गिरण्यांचा संप १८ जानेवारी १९८२ ला सुरू झाला, तो ह्याच साली. आम्ही तेव्हा लहान होतो. संपाचा आणि क्षयमासाचा काही संबंध जोडू नका बरं का. जोडणारे तेव्हाही असतील.

वर दिलेली यादी पुन्हा वाचा. १९९९ ज्येष्ठ, २०१८ ज्येष्ठ. २००१ आश्विन, २०२० आश्विन. २००४ श्रावण, २०२३ श्रावण. प्रत्येक वेळी १९ वर्षांचे अंतर. १९ वर्षांत साधे महिने २२८ आणि अधिक ७, मिळून २३५. चंद्राचे २३५ महिने आणि सूर्याची १९ वर्षे यांत फरक पडतो तो फक्त दोन तासांचा. गिरणीत दोन चाके फिरतात, दात्यांची संख्या वेगळी, पण ठरावीक फेऱ्यांनंतर तेच दाते पुन्हा समोरासमोर येतात, तसे हे आहे. ग्रीस देशात मेटन नावाच्या माणसाने इसवी सनापूर्वी ४३२ मध्ये हे मांडले, आणि चीनमध्येही जुन्या काळापासून हे १९ आणि ७ चे गणित माहीत होते.

चीनचे नाव निघाले म्हणून थोडे तिकडे जाऊ. सोलापूरकराला चीन म्हटले की डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस आठवतात. १९१० साली इथे जन्मले, १९३८ साली वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले, जखमी सैनिकांची सेवा करता करता ९ डिसेंबर १९४२ रोजी तिथेच वारले. त्यांची समाधी शिजियाझुआंग शहरात आहे. चिनी लोकांचा पूर्वजांच्या आणि शहिदांच्या समाधी झाडून फुले वाहण्याचा एक दिवस असतो, छिंगमिंग. त्या दिवशी आपल्या डॉक्टरांच्या समाधीवरही लोक फुले वाहतात. हा दिवस दरवर्षी ४ किंवा ५ एप्रिललाच येतो. का? तर तो आपल्या गड्ड्यासारखा सूर्याला बांधलेला आहे. आणि चिनी नवे वर्ष? ते जानेवारीच्या अखेरीपासून फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत मागेपुढे होते, कारण ते चंद्राला बांधलेले आहे.

म्हणजे चिनी पंचांगही आपल्यासारखेच दोघांशी जमवून घेणारे. महिना अमावास्येला सुरू होतो, महाराष्ट्रात होतो तसा. सूर्याच्या वाटेचे ते चोवीस भाग करतात, त्यांतले एकाआड एक असे बारा मुख्य. ज्या महिन्यात मुख्य थांबा येत नाही तो वाढीव. नियम तोच! फरक दोन-तीन. त्यांच्या महिन्यांना आकडे असतात आणि वाढीव महिन्याला ते आधीच्या महिन्याचा आकडा देतात, आपण पुढच्या महिन्याचे नाव देतो. दुसरे म्हणजे हिवाळ्यातला सर्वांत लहान दिवस, २१-२२ डिसेंबर, हा त्यांच्या अकराव्या महिन्यात पडलाच पाहिजे. त्या महिन्यापासून पुढच्या वर्षीच्या तशाच महिन्यापर्यंत मोजायचे. मध्ये तेरा महिने निघाले तरच एक वाढीव. सूर्याची खरी चाल धरून थांबे मोजण्याची त्यांची पद्धत १६४५ पासूनची आहे. तिसरे, ते थांबे मोजतात ऋतूंवरून, आपल्याकडे मोजतात ताऱ्यांवरून. दोन्हींत आता तेवीस-चोवीस दिवसांचे अंतर पडले आहे. म्हणून २०२३ ला आपला श्रावण अधिक झाला, तर त्यांचा दुसरा महिना, तोही मार्च-एप्रिलमध्ये. बाकी एकच सूर्य, एकच चंद्र.

जाता जाता एक गोष्ट सांगतो. चीनमधील तांग राजांच्या दरबारात आकाशाचे गणित करणाऱ्या खात्यावर मूळ भारतीय वंशाचे एक घराणे होते. त्यांतल्या गौतम सिद्ध यांनी आठव्या शतकाच्या आरंभी भारतीय गणिताची एक पद्धत चिनी भाषेत नेली. गौतम हे आडनाव ऐकून तुम्ही टाळ्या वाजवाल, पण आम्ही त्यांचा धर्म कोणता होता ते सांगत नाही आहोत. आम्हाला एवढेच म्हणायचे आहे की हे ज्ञान कोणा एका जातीच्या वा देशाच्या घरचे नाही.

आता आपल्या मुद्द्याकडे येऊ. तथागतांच्या काळात अधिक महिना होता का? होता. त्या काळाच्या आगेमागे पाच वर्षांत दोन महिने वाढवायची रीत आपल्या देशात होती. आणि विनयपिटकातल्या महावग्गात दोन प्रसंग आहेत, ते प्रत्येक उपासकाला ठाऊक पाहिजेत.

पहिला असा की लोक भिक्खूंना विचारत, आज पक्षाचा कितवा दिवस? भिक्खूंना सांगता येईना. लोक नावे ठेवू लागले, की यांना पंधरवड्याचे दिवसही मोजता येत नाहीत, मग दुसरे चांगले काय येणार? हे तथागतांच्या कानावर गेले. त्यांनी सर्व भिक्खूंना पक्षाची मोजणी शिकायला सांगितले. सर्वांना, हे लक्षात घ्या. मोजणी एकट्याच्या ताब्यात ठेवली नाही.

दुसरा प्रसंग मगधराज बिंबिसाराचा. राजाला वर्षावास पुढे ढकलायचा होता. त्याने निरोप पाठवला, भन्तेंनी पुढच्या पौर्णिमेला वर्षावास धरला तर बरे होईल. तथागतांनी भिक्खूंना राजाच्या म्हणण्याप्रमाणे वागण्यास परवानगी दिली. अभ्यासक याचा संबंध अधिक महिन्याशीच लावतात. म्हणजे राज्याच्या गणनेत महिना वाढला तर संघाने आपली वेगळी चूल मांडायची नाही, लोकव्यवहाराबरोबर जायचे. शुभ-अशुभाचा त्यात शब्दसुद्धा नाही. शिवाय वर्षावासाला बसायचे दोन मुहूर्त... मुहूर्त नव्हे, चुकून जुना शब्द तोंडात येतो, दोन दिवस सांगितलेले आहेत. एक आषाढ पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, दुसरा त्यानंतर एका महिन्याने. कोणताही धरा, मुदत तीन महिन्यांची.

दुसऱ्या बौद्ध देशांत काय करतात? ब्रह्मदेश आणि थायलंडमध्ये वाढीव महिना वाटेल तिथे घालत नाहीत, आषाढातच घालतात. दोन आषाढ करायचे आणि दुसऱ्या आषाढाच्या पौर्णिमेनंतर वर्षावासाला बसायचे. त्यामुळे वर्षावासाच्या पोटात अधिक महिना कधी येतच नाही. २०२३ ला थायलंडमध्ये आषाढ पौर्णिमा १ ऑगस्टला पाळली, वर्षावास २ ऑगस्टला सुरू झाला आणि २९ ऑक्टोबरला संपला. आपण सुरू केला त्यांच्या एक महिना आधी, संपवला त्यांच्याबरोबर. तीच गोष्ट वैशाख पौर्णिमेची. आपण आणि श्रीलंकेने ती ५ मे २०२३ ला साजरी केली, थायलंडने ३ जूनला. २०२० ला उलटे झाले. तेव्हा आपला आश्विन अधिक होता. थायलंडचा वर्षावास २ ऑक्टोबरला संपला, आणि आपल्या पंचांगाची निज आश्विन पौर्णिमा आली ३१ ऑक्टोबरला. त्या साली इथे कोणी वाद घातला नाही, कारण टाळेबंदीमुळे विहारच बंद होते आणि प्रत्येकाला स्वतःच्या जिवाची पडली होती.

तेव्हा आमचे मत असे. विनयाप्रमाणे वर्षावास तीन महिन्यांचा. भिक्खूंच्या बाबतीत निर्णय भन्तेजींचा, आम्ही त्यात तोंड घालणार नाही. उपासकांच्या ग्रंथवाचनाला मात्र चार महिने मिळाले तर बिघडले कुठे? सावकाश वाचा, समजून वाचा. राहिली अधिक पौर्णिमा. आकाशात पूर्ण चंद्र दिसतो ना, मग ती पौर्णिमाच. उपोसथ पाळायचा. चंद्राच्या अंगावर 'अधिक' असा शिक्का नसतो.

इथपर्यंत सगळे मान डोलावतात. पण धोंड्याचा विषय काढला की माना खाली जातात. अधिक महिन्याला गावाकडे धोंड्याचा महिना म्हणतात. जावयाला बोलवायचे, पुरणाचे धोंडे करून जेवू घालायचे, तेहतीस अनारसे द्यायचे, कपडे, ऐपत असेल तर चांदीचे काहीतरी. तेहतीसच का, तर कोणी तेहतीस कोटी देवांचे नाव घेतो. आम्हाला तर त्यात तीन वर्षांचे अकरा-अकरा दिवस दिसतात, पण तो आमचा तर्क झाला. लेक माहेरी येते, आईच्या हातचे खाते, यात वाईट काही नाही. आमच्या घरीही लेकी आल्या की गोड होतेच. वाईट आहे ती सक्ती. आमच्या ओळखीच्या एका घरी, घर आपल्याच समाजाचे, २०२३ ला नव्या जावयाच्या धोंड्यासाठी बापाने कारखान्यातून पंधरा हजारांची उचल घेतली. आठवड्याला तीनशे रुपये कापले जात होते. पन्नास आठवडे! पुढची दिवाळी आली-गेली, जवळपास वर्षभर त्या घरात प्रत्येक आठवड्याचा पगार तुटका आला. पोरीचा बाप आम्हाला म्हणाला, "न करून कसं चालंल, तिकडचे लोक वाट बघत्यात." तिकडचे लोकही आपलेच, तेही जयभीम घालणारे. चंद्राने अकरा दिवस कमी भरले त्याची भरपाई यंत्रमाग कामगाराने का करायची?

लग्नाचेही तसेच. अधिक महिन्यात लग्न नको, असे आपल्यातलेही काही लोक कुजबुजतात. आपल्या विवाहाला पंचशील लागते, दोघांची संमती लागते, साक्षीला माणसे लागतात. महिना लागत नाही. त्या महिन्यात मंगल कार्यालये मोकळी असतात, पाहिजे ती तारीख मिळते. ज्यांना खर्च वाचवायचा आहे त्यांनी याचा विचार करावा. २०२६ चा अधिक ज्येष्ठ १७ मे ते १५ जून असा आहे, म्हणजे नेमका शाळांच्या सुट्टीतला.

काही तरुण विचारतात, एवढी कटकट कशाला, सरळ सगळे सूर्यावर न्यावे. तसा प्रयत्न आपल्या सरकारने केलेला आहे. १९५२ साली डॉ. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली पंचांग सुधारणा समिती नेमली. साहा म्हणजे ढाक्याजवळच्या खेड्यातल्या एका लहान दुकानदाराचा मुलगा, शिकून जगातला नामांकित शास्त्रज्ञ झालेला. समितीला देशात तीसेक वेगवेगळी पंचांगे चाललेली आढळली. १९५५ ला अहवाल आला आणि २२ मार्च १९५७ पासून भारताची राष्ट्रीय दिनदर्शिका लागू झाली, १ चैत्र शके १८७९. तिच्यात अधिक महिना नाही, भानगड नाही, सगळे सूर्यावर. सरकारी राजपत्रावर ती तारीख असते, पण घरात कोणी पाळत नाही. याच समितीने हेही दाखवले की ताऱ्यांवरून मोजल्यामुळे आपल्या संक्रांती ऋतूपासून सरकत चालल्या आहेत. सूर्य उत्तरेकडे वळतो डिसेंबरच्या २१-२२ ला, आणि मकर संक्रांत आपण करतो जानेवारीच्या १४-१५ ला. साधारण ७१-७२ वर्षांत एक दिवस, अशी ही घसरण चालू आहे. हजार-दोन हजार वर्षांनी गड्डा थंडीत भरणार नाही! पण ती चिंता आपण नातवंडांच्या नातवंडांवर सोडू.

आमचे स्वतःचे मत, पौर्णिमा सोडू नये. तारीख भिंतीवरच्या कागदावर असते, पौर्णिमा मान वर केली की दिसते. ज्या आजीला अक्षर येत नव्हते तिलाही आज पौर्णिमा आहे हे कळत होते आणि ती पांढरी साडी नेसून विहारात येत होती.

समितीला एक विनंती करून थांबतो. विहाराच्या फळ्यावर दर महिन्याची पौर्णिमा इंग्रजी तारखेसह आधीच लिहिली जावी, आणि हे काम दरवर्षी वेगवेगळ्या मुला-मुलींकडे द्यावे, म्हणजे मोजणी सर्वांना येईल. २०२६ च्या अधिक ज्येष्ठाने वर्षावासाला धक्का लागत नाही, कारण तो आषाढाच्या आधीच संपतो. पण २०३१ ला भाद्रपद अधिक आहे. तो वर्षावासाच्या मधोमध येईल आणि २०२३ चा वाद पुन्हा ओट्यावर येईल. तेव्हा तीन की चार, आणि अधिक पौर्णिमेचा उपोसथ, याबाबत भन्तेजींना विचारून जे ठरेल ते समितीच्या ठरावबुकात आत्ताच लिहून ठेवावे.